खुनी बदलायचा करार

१३ जुलै १९८२, मंगळवार. केरबा गजभारेच्या नावावर तीनशे पंचाहत्तर रुपयांची मनीऑर्डर आली. पाठवणारा लातूरचा प्रकाशक सिद्धराम. कुपनावर त्यानं बारीक अक्षरात दाटीवाटीनं लिहिलं होतं, शेवटचं प्रकरण पाच ऑगस्टपर्यंत हवं, नवा जिल्हा होतोय, त्या गर्दीत आपलं पुस्तक स्टँडवर पाहिजे.

मुखपृष्ठाचा छापील नमुना त्याच टपालानं वेगळा आला होता. त्यावर ओल्या साडीतली एक बाई होती, हातात रक्ताळलेला सुरा होता आणि मागं पिवळाजर्द चंद्र. केरबानं तो कागद पाहिला आणि टेबलावर पालथा घातला. त्याच्या बायकोनं, चांगुणानं, तो सरळ केला.

"ही कोण?"

"मला काय माहीत. माझ्या पुस्तकातली न्हाई."

"मग सिद्धरामच्या वळखीची असंल," चांगुणा म्हणाली आणि शाळेच्या वह्या तपासायला बसली.

केरबा नांदेडला पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होता. वय एक्केचाळीस, बी. कॉम., द्वितीय श्रेणी. चौदा वर्षांत त्यानं एकोणीस रहस्यकथा लिहिल्या होत्या आणि एकोणिसांच्या एकोणीस मुखपृष्ठांवर अशीच कुणीतरी बाई होती. लेखकाचं नावही त्याचं नव्हतं. गजभारे हे नाव स्टँडवर चालणार नाही, असं सिद्धरामनं पहिल्याच भेटीत हसत हसत सांगितलं होतं आणि स्वतःच एक राजबिंडं टोपणनाव काढून दिलं होतं. ते हसणं केरबाच्या पोटात चौदा वर्षं आंबत होतं. विसाव्या पुस्तकाला त्यानं एकच अट घातली, नाव माझं पाहिजे. नमुन्यावर बाईच्या पायाशी ते छापलेलं होतं : के. ना. गजभारे.

खून, मुडदा, पंचनामा हे त्याला पुस्तकांतून कळलेलं नव्हतं. त्याचे वडील नामदेव उमरीकडच्या एका खेड्यात येसकर होते. विहिरीत, रुळावर कुठं बेवारस प्रेत सापडलं की फौजदार येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहायचं काम त्यांचं. दोन दोन दिवस बसावं लागे. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, ते काम टाकलं आणि पुन्हा गावच्या चावडीची पायरी चढले नाहीत. पण माशा आधी कुठं बसतात, वास दुसऱ्या दिवशी कसा बदलतो, फौजदार नाकाला रुमाल लावून लांबूनच 'अपघात' कसं लिहायला लावतो, हे सगळं ते पोराला जेवताना सांगत. केरबाच्या लिहिण्यात जे खरं होतं ते तिथलं. बाकीचं नांदेड स्टेशनसमोरच्या भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानातलं.

त्याच दुकानात त्याला माणिकप्पा हुडगे भेटला. लातूरच्या कापडदुकानदाराचा धाकटा मुलगा, कॉमर्स शिकायला नांदेडला आलेला. दोन आणे रोजानं मिळणाऱ्या त्या पुस्तकांची शेवटची पानं बहुधा फाटलेली असत. एकदा दोघांनी एकच पुस्तक लागोपाठ नेलं, शेवट नव्हता. दुकानाच्या फळीवर बसून खुनी कोण यावर त्यांनी दोन तास भांडण केलं आणि मग दोघांनी दोन शेवट लिहून काढले. दुकानदारानं ते दोन्ही पुस्तकात चिकटवले आणि भाडं एक आणा वाढवलं.

पुढं दोघंही छापून येऊ लागले तेव्हा त्यांनी एक करार केला. ज्यानं पुस्तक लिहिलं त्यानं शेवटचं प्रकरण सोडून बाकीचं हस्तलिखित दुसऱ्याकडं पाठवायचं. दुसऱ्यानं एका कार्डावर खुन्याचं नाव कळवायचं. ओळखला, तर खुनी बदलायचा. कुरकूर नाही. जे आपल्या दोस्ताला कळलं ते स्टँडवरच्या कोणालाही कळेल, असं त्यामागचं गणित. चौदा वर्षांत केरबानं सात वेळा खुनी बदलला होता, माणिकप्पानं अकरा वेळा. माणिकप्पाची भाषा केरबापेक्षा चांगली होती, केरबाचे मुडदे माणिकप्पापेक्षा चांगले होते, आणि दोघांनाही ते मान्य होतं.

विसाव्या पुस्तकाचं नाव होतं 'हजेरीपटावरचा मुडदा'. दुष्काळी कामावर तपासणीला आलेला एक हिशेबनीस खडीच्या खाणीत मरून पडतो, तरी चार दिवस हजेरीपटावर तो हजर दाखवलेला असतो, अशी गोष्ट. खुनी होता गुत्तेदार, कामावरच्या मुलांना वाटायच्या सुकडीचं, गोड पौष्टिक पिठाचं, कंत्राट घेऊन सडका माल पुरवणारा. पहिल्या अकरा प्रकरणांत तो दोनदा येतो, दोन्ही वेळा जीपमधून उतरून पोरांना गोळ्या वाटतो. त्याच्यावर कुणाचा संशय जाऊ नये अशी बेतशीर रचना केरबानं केली होती.

माणिकप्पाचं कार्ड पंधरा तारखेला आलं. 'खुनी गुत्तेदार. बदल.'

नेहमी तो कार्डभर लिहायचा. कुठं पकडलं, कोणत्या वाक्यात केरबा घसरला, घरी सगळे कसे आहेत, त्याच्या बायकोच्या, गौरम्माच्या, कंबरदुखीचं काय झालं. या वेळी तीन शब्द. केरबानं कार्ड दोनदा वाचलं आणि त्याला शिसारी आली, माणिकप्पाची आणि स्वतःचीही. कारण माणिकप्पानं गुत्तेदार पुस्तकात ओळखला नव्हता. तो त्याच्या घरातच होता.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात केरबा मुदखेडजवळच्या एका पाझर तलावावर हंगामी हजेरी कारकून होता. सुकडी पुरवायचा गुत्ता माणिकप्पाच्या थोरल्या भावाकडं, बसवंतप्पाकडं होता. मे महिन्यात बेचाळीस पोती आली. पहिलं पोतं उघडलं तर आत जाळी धरलेली, पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या आणि खवट तेलाचा असा भपकारा आला की नरसिंग मुकादम बाजूला जाऊन ओकला. परत पाठवा म्हणाला. दुसऱ्या दिवशी माणिकप्पा स्वतः मोटारसायकलवर आला. दादाची एवढी एक पावती कर, म्हणाला, वरच्या साहेबांशी बोलणं झालंय, तुझ्या कायम होण्याचंही दादा बघून घेतो. केरबानं पावती केली. चाळलेली सुकडी वाटली गेली. सोळा पोरं आजारी पडली, त्यांतली एक, सरजाबाईची नात, तिसऱ्या दिवशी मेली. चौथ्या दिवशी सरजाबाई घण घेऊन खडीवर हजर होती. खाडा पडला असता तर मजुरी गेली असती. केरबानं तिच्या नावापुढं हजेरी मांडली. सप्टेंबरात तो कायम झाला.

यावर दोन दोस्तांत नऊ वर्षांत एक शब्द झाला नव्हता. हस्तलिखित पाठवणं हाच केरबाचा पहिला शब्द होता.

पंचवीस तारखेच्या रविवारी तो लातूरला गेला. गावात जिकडंतिकडं कमानी उभ्या राहत होत्या. होणाऱ्या जिल्हाधिकारी कचेरीला पिवळा रंग देणं चालू होतं आणि रंगाखालच्या भिंती न घासताच देणं चालू होतं. चौकातल्या कापडी फलकावर स्वागत समितीची नावं होती, तिसरं नाव बसवंतप्पांचं.

दुकानात माणिकप्पा गादीवर बसून समितीच्या स्मरणिकेची मुद्रितं तपासत होता.

"शरणार्थ, केरबा. ये. जेवूनच जायचं, गौरम्मानं हुरणाच्या पोळ्या केल्यात."

"जय भीम. मी गोड खात न्हाई, तुला माहीत हाय."

"कवापासून?"

"नऊ वर्षं झाली. तू इचारलं न्हाईस कधी."

माणिकप्पानं मुद्रितं बाजूला सारली. तोंडातलं पान गालात एका बाजूला घेतलं. "मी खुनी वळखला का न्हाई?"

"वळखला."

"मग करार करार हाय. बदल."

"कुठल्या वाक्यावरनं वळखला ते सांग. दर बारीला सांगतोस."

"गोळ्या," माणिकप्पा म्हणाला. "जीपमधून उतरून गोळ्या वाटणारा माणूस. दादाशिवाय तसं कोण करत होतं? लातूरात कुणीबी वाचलं तर दोन मिन्टात कळंल. आन् तू तर ह्या बारीला पुस्तकावर सोताचं नाव बी खरं घालून राहिलास."

"कळू दे की."

"काय मिळंल तुला? दादानं आता मंडप घातलाय गावात, दवाखान्याला खोली बांधून दिलीय." तो जवळ सरकला. पान, कात आणि नव्या कापडाची खळ यांचा एकत्र वास केरबाच्या तोंडावर आला. "मी सांगतो तुला शेवट. लई भारी होतंय बघ. खुनी मुकादम. सगळ्या पुस्तकात गरीब, इमानदार, पोरांसाठी भांडणारा. त्याच्यावर कुणाचाबी डाऊट जाणार न्हाई. आन् नरसिंग मेला बी सात वर्षांखाली, त्याला कुठं वाचायचंय."

माणिकप्पा हे कारागिराच्या उत्साहानं बोलत होता. शेवट खरोखरच चांगला होता, हे केरबाला लगेच कळलं. नरसिंग त्या दिवशी बांधावर वाकून ओकत होता ते त्याला दिसलं.

"नरसिंगनंच परत पाठवा म्हणलं होतं," तो म्हणाला.

"आन् पावतीवर सही कुणाची व्हती?" माणिकप्पा आवाज न चढवता म्हणाला. "पुस्तकात पावतीचं पान कुठं दिसलं न्हाई मला. दोनदा बघितलं."

अकरा प्रकरणांत त्यानं गुत्तेदार रंगवला होता, खाण रंगवली होती, अळ्यांचा रंगसुद्धा लिहिला होता. हजेरी कारकून मात्र पानापानावर होता आणि प्रत्येक पानावर नुसता पाणी पीत होता, घाम पुसत होता, बघत होता. वाचकाला दयाच यावी असा. आपण एवढी घाण लिहिली आणि स्वतःवर तिचा शिंतोडा उडू दिला नाही, हे माणिकप्पाच्या तोंडून ऐकावं लागलं, याचा त्याला सगळ्यात जास्त वीट आला.

गौरम्मानं आतून ताटं मांडल्याची हाक दिली. केरबा उठला. माणिकप्पा स्टँडपर्यंत मागं आला. खिडकीवर केरबानं सिद्धरामच्या पैशातली शंभराची नोट पुढं केली. सुट्टे न्हाईत, आतला माणूस म्हणाला. माणिकप्पानं खिशातून चिल्लर काढून नांदेडचं तिकीट घेतलं आणि केरबाच्या हातात दिलं.

"खुनी बदलतोस ना?"

"बदलतो," केरबा म्हणाला.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर तो लिहायला बसला आणि चार वाजता उठला. खुनी हजेरी कारकून. तपासणीला आलेल्या हिशेबनिसाच्या हाती ती पावती लागते, नोकरी जाईल म्हणून कारकून त्याला खाणीत ढकलतो आणि सवयीनं चार दिवस त्याची हजेरी मांडत राहतो. कबुलीजबाबात त्यानं पावती जशीच्या तशी घातली : पोती बेचाळीस, वजन, तारीख, 'माल उत्तम स्थितीत मिळाला'. ती कुणाच्या शब्दावरून केली, कोण मोटारसायकलवर आलं, तेही लिहिलं. नाव घातलं नाही. गोळ्या वाटणारा गुत्तेदार जागच्या जागी राहिला.

चांगुणानं वाचलं. "कचेरीत इचारलं तर?"

"गोष्ट हाय म्हणीन."

"आन् माणिकप्पांनी इचारलं तर?"

"त्यानंच सांगितलं होतं बदलायला."

सिद्धरामला शेवट फार आवडला. कारकून खुनी, अगदी नवीन आहे, असं त्यानं कळवलं. बसवंतप्पांची स्मरणिका आणि हे पुस्तक त्याच्या एकाच यंत्रावर लागोपाठ छापलं गेलं. ऑगस्टात जिल्हा झाला, फटाके वाजले, पुस्तक स्टँडवर लागलं. आठवड्यानं सिद्धरामचं पत्र आलं : लातूर स्टँडवरच्या ऐंशीच्या ऐंशी प्रती एकाच गिऱ्हाइकानं पहिल्या दिवशी नेल्या, कापडदुकानाच्या हातगाडीवर घालून. दुसरी आवृत्ती काढू का? केरबानं ते पत्र फाडून टाकलं. कचेरीत कुणी काही विचारलं नाही. कचेरीत त्याची पुस्तकं कुणी वाचतच नव्हतं.

सप्टेंबरात तो आणि चांगुणा मुदखेडला उतरून सरजाबाईच्या वस्तीवर गेले. म्हातारी वैरण तोडत बसली होती. केरबानं मुखपृष्ठाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, ती बाई तिच्यासमोर काढायची त्याला लाज वाटली. चांगुणानं शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं. सरजाबाई वैरण तोडता तोडता शेवटपर्यंत ऐकत होती.

"हे लिव्हणारं कारकून तूच न्हवं, साहेब?"

"हाव."

"ढकललं कुणाला?"

"ते खोटं हाय, मावशे. ते गोष्टीतलं."

"मग माझी रुकमी कुठं हाय ह्यात?"

केरबानं पान उघडून पाहिलं. तिथं 'एक पोर दगावलं' एवढंच होतं. मुलांची नावं हजेरीपटावर नसत, त्यामुळं तिचं नाव त्याला आजपर्यंत माहीतच नव्हतं. त्यानं खिशातलं पेन काढलं. सरजाबाईनं हात आडवा केला.

"आता नगं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तसंच." आणि तिनं विळा पुन्हा हातात घेतला.

त्यानंतर केरबानं रहस्यकथा लिहिली नाही. माणिकप्पाच्या अजून दोन आल्या, दोन्हींचे खुनी स्टँडवरच्या कोणालाही पाचव्या प्रकरणात कळतील असे होते. त्यांची हस्तलिखितं नांदेडला आली नाहीत. नांदेडहून लातूरला कार्ड गेलं नाही.

माणिकप्पानं काढलेल्या तिकिटाचे चौदा रुपये चाळीस पैसे केरबाकडून अजून द्यायचे आहेत.