गुरुजींनी घेतलेला व्हिडिओ गेम

आमच्या घरात सकाळी साडेसातला तीन कामं एकदम येतात. दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करायचा, नळ जायच्या आत टाकी भरून घ्यायची आणि मुकुलचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, दुसरा मोजा शोधायचा. त्या दिवशी त्यात मटारांची भर होती. माघ महिना, बाजारात मटार स्वस्त, त्यामुळे चुडा-मटर करायचा बेत होता. खरं तर ते पोहेच. पण चार पिढ्या बनारसमध्ये काढल्यावर आमच्याकडे त्यांना पोहे म्हणत नाही कोणी.

इतक्यात दाराची कडी वाजली. बेल असताना कडी वाजवणारा आमच्या गलीत एकच माणूस आहे.

"ढुंढिराज गुरुजी आलेत," मुकुल आतून ओरडला. "मी मोजा शोधतोय, तू बघ."

दार उघडलं. गुरुजी उभे होते. डोक्याला लोकरीची टोपी, धोतरावर स्वेटर, आणि डाव्या काखेत गमछ्यात बांधलेलं एक खोकं.

"वहिनी, आज तुमची बीएस्सी कामाला लावायची आहे."

"गुरुजी, माझी बीएस्सी झाडापानांची. बॉटनी."

"मग यातल्या तारांना वेली समजा," असं म्हणत ते आत आले आणि थेट टीव्हीसमोर बसले.

ढुंढिराज गुरुजींना मी लग्न होऊन ब्रह्मा घाटावर आले तेव्हापासून ओळखते. आता त्यांनी साठी ओलांडलीय. घाटाच्या वरच्या अंगाला एक लहानशी वेदपाठशाळा आहे, तिथे ते चौतीस वर्षं मुलांना संथा देत आले. त्यांच्या शाखेत नुसतं तोंडाने म्हणून भागत नाही, स्वर हाताने दाखवावे लागतात. उंच स्वराला उजवा हात वर, खालच्याला खाली, काही ठिकाणी बाजूला. नवा मुलगा आला की गुरुजी त्याचा हात आपल्या हातात धरून महिनाभर वरखाली नेतात, मग तो हात आपला आपण चालायला लागतो. गलीतून जाताना खिडकीतून दिसायचं, वीस हात एकदम उठताहेत आणि एकदम उतरताहेत.

गेल्या भाद्रपदात गुरुजींना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय महिन्याभरात सुधारला. उजवा हात मात्र छातीपर्यंत येतो आणि तिथून पुढे कोणीतरी मनगट धरून ठेवल्यासारखा थांबतो.

माणूस असा हट्टी की जेवायला डावा हात लावला नाही. उजव्या हातात चमचा धरून जेवतात, निम्मं सांडतं. प्रभावतीकाकू, त्यांच्या पत्नी, मांडीवर जुना टॉवेल पसरतात. धोतराचा सोगा एका हाताने खोचता येईना, तर त्याचं टोक कपाटाच्या दारात अडकवून स्वतः गोल फिरायची युक्ती त्यांनी काढली. कोणी मदतीला गेलं की म्हणतात, "बाहेर थांबा, प्रदक्षिणा चालू आहे."

पाठशाळेच्या ट्रस्टने चांगुलपणाने सांगितलं होतं, गुरुजी, पाडव्याला नवी मुलं येतील, तोवर बघू. हात नाही उठला तर तुम्ही ऑफिसात बसा, देणगीच्या पावत्या फाडा, पगार तोच राहील. एका विश्वस्ताने तर सुचवलं, डाव्या हाताने दाखवा की. गुरुजी त्याला म्हणाले, "मुलं आरशातलं शिकतील. मग जन्मभर सगळ्यांना आरसा घेऊन हिंडावं लागेल."

हसत म्हणाले, पण त्यानंतर आठ दिवस ते घाटावर दिसले नाहीत.

सुरुची नावाची एक तरुण फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्याकडे ते मंगळवारी आणि शुक्रवारी जातात. तिच्या क्लिनिकमध्ये टीव्हीला लावलेला एक व्हिडिओ गेम आहे. हातात रिमोटएवढा कंट्रोलर धरायचा, हात मागे नेऊन पुढे वर फेकल्यासारखा करायचा, की पडद्यावरचा चेंडू घरंगळत जाऊन बाटल्या पाडतो. पहिल्याच दिवशी गुरुजींचा हात खांद्यापर्यंत गेला होता.

"व्यायाम म्हणून उचलला की हा रुसतो," उजव्या हाताकडे बोट करून त्यांनी मला सांगितलं होतं. "दहा बाटल्या पाडायच्या म्हटलं की लोभाने उठतो. पण तिथे पंधरा मिनिटं मिळतात, मागे रांग असते. मला रोज पाहिजे, सकाळ-संध्याकाळ."

तर त्या रोजच्यासाठी गुरुजींनी जुना व्हिडिओ गेम विकत घेतला होता. मोबाइलवरच्या जुन्या वस्तूंच्या ग्रुपात जाहिरात बघून आदल्या संध्याकाळी एकटे लंकेपर्यंत गेले आणि घेऊन आले. लंका म्हणजे आमच्याकडे विद्यापीठाच्या दारासमोरचा बाजार. त्यांच्या घरचा टीव्ही जुना, त्याला ही तार बसत नव्हती, म्हणून माझ्याकडे.

मी गमछा सोडला. यंत्र चांगलं होतं, नीट पुसून ठेवलेलं. तारा जोडल्या, टीव्ही लागला, बॉलिंगचा खेळ आतच भरलेला होता तो उघडला. खोक्यातून एक रुंद, दोन शिंगांसारख्या मुठींचा, तारेचा कंट्रोलर निघाला. गुरुजींनी तो उजव्या हातात घट्ट धरला, उठून उभे राहिले, धोतर सावरलं आणि हात मागे नेऊन पुढे फेकला.

पडद्यावरचा चेंडू जागचा हलला नाही.

पुन्हा फेकला. तार ओढली जाऊन यंत्रच टेबलावरून खाली येणार होतं, मुकुलने एका मोज्यानिशी धावत येऊन ते धरलं.

"बटण दाबून बघा गुरुजी," तो म्हणाला. बटण दाबलं तर चेंडू गेला. दहापैकी सात बाटल्या पडल्या.

"पडल्या!" मुकुल म्हणाला.

"अरे पडल्या, पण अंगठ्याने पडल्या. माझा अंगठा धडधाकट आहे." गुरुजी खाली बसले. "हात फेकायचा आहे मला."

मी सुरुचीला फोन लावला. तिने दोन प्रश्न विचारले आणि तिच्या लक्षात आलं. हाताची हालचाल ओळखायची सोय यंत्रात नसते, ती त्याच्या मूळ कंट्रोलरमध्ये असते. लहान लहान दोन असतात, डावा आणि उजवा. हा तारेचा बाजारातला साधा, त्याला हात हललेला कळतच नाही. मूळ जोडी नवी घ्यायची तर जवळपास यंत्राइतकीच महाग.

फोन ठेवून मी विचारलं, "गुरुजी, मूळ कंट्रोलर नाही हे त्या मुलाने सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं की. जाहिरातीतच लिहिलं होतं. वर म्हणाला, अंकल, चलाके देख लीजिए. मीच म्हटलं, कशाला?"

"मग घेतलंत कसं?"

गुरुजी माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच काही विचित्र विचारलं. "वहिनी, जन्मभर मी काय केलं? मूर्ती नसली तर सुपारीचा गणपती मांडला. वस्त्र नसलं तर कापसाचं. दागिना नसला, फूल नसलं, काहीही नसलं तर अक्षता वाहिल्या. यजमान विचारतो, गुरुजी, चालेल ना? मी म्हणतो, चालेल, भाव पाहिजे. तो मुलगा म्हणाला, असली नहीं है, दूसरा दे रहा हूँ. मी म्हटलं, चालेल."

मुकुलला हसू आवरेना. मग गुरुजीही हसले, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "या यंत्राला भाव कळत नाही हो," म्हणाले.

हसून झाल्यावर मात्र ते लगेच उठले. मी चुडा-मटर पुढे केले, तर म्हणाले, "आल्यावर. आधी लंकेला जाऊन येतो. आज सकाळी मुलगा घरी असतो, कॉलेज दुपारी आहे असं म्हणाला होता."

"परत देणार का?"

"परत कशाला देऊ? यंत्रात खोट नाही, मुलात खोट नाही. बोलून बघतो."

ते एका हाताने खोकं बांधायला लागले. गाठ सुटली, पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. मी गॅस बंद केला, शाल घेतली आणि खोकं उचललं. "चला," म्हटलं. मुकुलला डबा स्वतः भरायला सांगितलं. त्याने पायांकडे बघितलं आणि मुकाट्याने मान हलवली.

मैदागिनपर्यंत गल्ल्यांतून चालत गेलो. तिथून टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, ती मध्ये एकदा बदलली. धुकं अजून विरलं नव्हतं. वाटेत गुरुजी मांडीवरचा उजवा हात डाव्याने दाबत बसले होते, कणीक तिंबल्यासारखा.

यंत्र विकणाऱ्या त्या मुलाचं नाव केयूर, त्याचे वडील विद्यापीठात प्राध्यापक. ते आणि आई दोघंही कामावर गेले होते. दार त्यानेच उघडलं. विशीचा, केस विस्कटलेले, अंगात रजईसारखं जाकीट. मराठी घरातला, पण तोंडात हिंदी.

"अरे अंकल? क्या हुआ, चालू नाही झाला का?"

"चालू छान झाला. चूक माझी झाली," गुरुजी म्हणाले. "या आमच्या प्रमोदिनीवहिनी. बसू का दोन मिनिटं?"

त्याच्या खोलीत पुस्तकं, कपडे, गिटार, सगळं पलंगावर. त्याने कपडे ढकलून आम्हाला जागा केली. गुरुजींनी सगळं सांगितलं, कंट्रोलरला हात कळत नाही तिथपर्यंत.

केयूर ओशाळला. "अंकल, मैंने तो लिखा था. तुम्ही हवं तर परत देऊन टाका, मी पैसे देतो. सच में."

"तू लिहिलं होतंस, तोंडानेही सांगितलंस. तुझं काही चुकलं नाही. मला परत द्यायचं नाही. मूळचे दोन आहेत कुठे?"

"हे काय." त्याने लॅपटॉपशेजारचे दोन चिमुकले कंट्रोलर दाखवले. "ते लॅपटॉपला लावून खेळतो मी. म्हणून तर विकले नाहीत. हॉस्टेलच्या दोस्तांबरोबर मॅच असतात रोज."

"एकदा हातात धरून बघू?"

केयूरने खोकं उघडलं, भराभर तारा जोडल्या. आमच्याकडे ज्याला अर्धा तास लागला ते त्याने दोन मिनिटांत केलं. उजव्या हाताच्या कंट्रोलरची दोरी गुरुजींच्या मनगटात अडकवली. "टाइट तो नहीं है?" विचारलं. मग हळूच म्हणाला, "अंकल, तुम्हाला बॉलिंग इतकी आवडते?"

"मला बॉलिंगमधलं काही कळत नाही," गुरुजी म्हणाले. आणि तिथेच, गिटारीच्या शेजारी उभे राहून, त्यांनी एक ऋचा म्हटली. आवाज खोलीत भरला. हात छातीपर्यंत आला, थांबला, खाली गेला. आवाज वर चढला तेव्हा हाताने वर जायला पाहिजे होतं. तो छातीशीच थरथरत राहिला.

"हे माझं काम आहे," ते म्हणाले. "पाडव्याला सात मुलं येतील. त्यांचे हात मला धरायचे आहेत. माझाच असा अडकला तर त्यांचेही इथेच अडकतील."

केयूर पडद्याकडे वळला. त्याने खेळ सुरू केला.

गुरुजींनी हात मागे नेला. पहिला चेंडू तिथेच पडून राहिला. दुसरा दोन हात जाऊन थांबला. तिसऱ्या वेळी दातओठ खाऊन जोर केला, तर हात जास्तच आखडला. मी म्हटलं, "गुरुजी, जरा बसा." त्यांनी मान हलवली. कपाळावर घाम आला होता, माघात. त्यांनी स्वेटरच्या बाहीने तो पुसला, पाय नीट रोवले आणि चौथ्यांदा फेकला.

हात छातीपाशी अडखळला, आणि पुढे गेला. खांद्याच्या वर, पार कानापाशी.

"गटर में गया, अंकल," केयूर पडद्याकडे बघत म्हणाला. चेंडू एकही बाटली न पाडता कडेच्या नालीत गेला होता.

गुरुजी पडद्याकडे बघतच नव्हते. मान तिरकी करून ते आपल्या हाताकडे बघत होते. हात अजून वरच होता. केयूरने वळून पाहिलं.

मग हात सावकाश खाली आला. गुरुजींनी मनगटातली दोरी सोडवली. मी पुढे झाले, तर मला नजरेनेच थांबवलं. डाव्या हाताने सोडवायला वेळ लागला. कंट्रोलर त्यांनी होता तिथे, लॅपटॉपशेजारी, परत ठेवला आणि पलंगावर केयूरसमोर बसले.

"तुझा खेळ मोडायला मी आलो नाही," ते म्हणाले. "विकत मागत नाही, कायमचा मागत नाही. तू रात्री खेळतोस ना, तेव्हा कंट्रोलर तुझ्याकडेच राहू दे. दिवसाचा मोकळा असतो, तेव्हा पाडव्यापर्यंत रोज तासभर तो उजव्या हाताचा मला वापरू दे. मी इथे येत जाईन."

केयूरने लॅपटॉपशेजारचा तो कंट्रोलर उचलला आणि त्याची दोरी पुन्हा गुरुजींच्या उजव्या मनगटात अडकवली.