तळाची फरशी

आमच्या शहरात एखादा रस्ता सरळ असला, तर तो नवा आहे असं खुशाल समजावं. जुने रस्ते सगळे वाकडे, कारण मुळात ते रस्ते नव्हतेच. नदीपासून बाजारापर्यंत एक कालवा आणलेला होता आणि त्यातून मालाच्या होड्या यायच्या. पुढे ट्रक आले, होड्या गेल्या, आणि पालिकेने कालव्यावर स्लॅब टाकून वर डांबर ओतलं. झाला मुख्य रस्ता. होड्या जिथे वळायच्या तिथे आज चौक आहे. एका बस थांब्याचं नाव अजून 'जुना पूल' आहे, आणि पूल कुठे आहे असं एखाद्या पाहुण्याने विचारलं, तर लोक त्याच्याच पायांखाली बोट दाखवतात. कालवा खाली आहेच. तू बंद झालास, असं त्याला कोणी कळवलेलं नाही. नदी चढली की तोही भरतो आणि दुकानांच्या मोऱ्यांमधून वर येतो.

त्यामुळे आमच्याकडे माणसाची ऐपत जमिनीच्या उंचीवरून कळते. बाजाराच्या वरच्या टोकाला बँका, सोनार आणि डॉक्टर. उतार लागला की धंदाही उतरत जातो. आधी कापड, मग भांडी, मग रद्दी, आणि अगदी तळाला दुरुस्तीवाले. त्या तळाच्या गल्लीतलं सगळ्यात खालचं दुकान माझ्या आत्याचं होतं. शिलाई मशीन दुरुस्तीचं. गल्ली तिला 'तळाची' म्हणायची, अगदी तोंडावर, आणि तिला त्यात कमीपणा वाटत नसे. उलट थोडा तोराच होता.

आजोबांच्या काळात या दुकानात पायऱ्या चढून जावं लागायचं म्हणतात. मग रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले. खड्डे बुजवायचे म्हणजे खणायचं नाही, वर अजून थापायचं, ही आमच्या पालिकेची पद्धत. आत्या तरुण होती तेव्हा रस्ता आणि उंबरठा एका पातळीत होते. मी शाळेत जायला लागलो तोवर दुकानात उतरून जावं लागे. दुकान जागचं हललं नव्हतं. रस्ताच कानामागून आला आणि तिखट झाला.

दुकान खरं म्हणजे माझ्या बाबांना मिळायचं. पण त्यांना रॉकेलच्या वासाने मळमळायचं, म्हणून आजोबांनी पाना मोठ्या मुलीच्या हातात दिला. बाबा फरशी बसवण्याच्या धंद्यात गेले. आत्याचं लग्न एकदा जुळत आलं होतं. मुलाकडचे दुकान बघायला आले, मुलीच्या नखांतलं तेलही त्यांनी बघितलं, आणि विचार करून कळवतो म्हणाले. ते अजून विचार करताहेत. आत्याने वाट बघितली नाही. तिच्यापुढे मशीन ठेवलं की ती आधी गिऱ्हाइकाला गप्प बसवायची, चाक हाताने हळूच फिरवायची आणि मग म्हणायची, "हिला तेल पाहिजे, आणि तुमच्या सुनेला थोडी सबुरी." निम्म्या वेळा दोन्ही खरं निघायचं. निम्म्या वेळा सून शेजारीच उभी असायची.

पुरानंतर तिच्याकडे मशीनांची रांग लागे. गाळाने भरलेली, गंजाने आखडलेली. लोक चिडवत, "पूर आला की तळाचीची चांदी."

"चांदी वरच्या टोकाला," ती म्हणे. "माझ्याकडे गंज."

तिच्या समोर बाइंडरकाकांचं दुकान होतं. पुस्तकं शिवायचं, पुठ्ठे चढवायचं. दोघं एकाच वयाची, एकाच गल्लीत वाढलेली, त्यामुळे अरेतुरे. त्या दोघांचं लग्न गल्लीने मनातल्या मनात कितीदा तरी लावून टाकलं होतं, पण दोघांनी कधी दाद दिली नाही. काकांचं आपलं कागद, खळ आणि कातडं बरं. पाण्याचं मात्र त्यांना फार भय. मशीन भिजलं तर धुऊन निघतं, कागद निघत नाही.

आता गल्लीची रीत सांगायला हवी. प्रत्येक दुकानाच्या दाराला दोन्ही बाजूंनी लोखंडी खाचा आहेत. पूर येणार असं दिसलं की त्या खाचांमधून एकावर एक फळ्या सरकवायच्या, फटींत चिंध्या आणि चिकणमाती दाबायची, आणि आतल्या मोरीला लाकडी बूच ठोकायचं. पण एकदा का फळ्या लावल्या की गिऱ्हाईक बंद, धंदा बंद. नदी तर वर्षातून कितीदा तरी चढते आणि नुसती भीती दाखवून उतरते. मग फळ्या नक्की कधी लावायच्या? तर तळाची लावेल तेव्हा. तिची फरशी सगळ्यात खाली, म्हणून पाणी सगळ्यात आधी तिच्या मोरीत. तिथे बुडबुडे आले की ती बूच ठोकायची आणि पहिली फळी खाचेत आदळायची. तो आवाज ऐकून समोर काका उठत, मग त्यांच्या वरचा कुलूपवाला, मग रद्दीवाला, आणि असं करत गल्ली चढावाच्या दिशेने बंद होत जायची. रेडिओवर काय सांगतात, पालिकेचा भोंगा कधी वाजतो, याच्याशी गल्लीला देणंघेणं नव्हतं. आत्याचं कधी चुकलं नाही. चुकणार कसं? ती अंदाज सांगत नव्हती. पाणी आलं की आलं म्हणत होती.

या भरवशावर ती जगत होती असं मी म्हणतो, तेव्हा अतिशयोक्ती करत नाही. घरी ती धाकट्या भावाच्या संसारात एक खोली अडवून राहिलेली बहीण होती. गल्लीत ती उठली की सगळे उठत.

पण दर पुरात सगळ्यात आधी भिजायचीही तीच. बूच आणि फळ्या पाणी अडवत, ओल अडवत नसत. गुडघे धरले. एका पुरानंतर गाळ उपसताना ती घसरून पडली आणि बराच काळ अंथरुणाला खिळली. तेव्हा बाबांनी निकराचं सांगितलं.

"ताई, एक तर दुकान बंद कर, नाहीतर फरशी उचलू. गल्लीत सगळ्यांनी उचलली. तूच तेवढी खड्ड्यात बसलीयस."

"वडलांनी घातलेली फरशी आहे."

"वडलांनी घातली तेव्हा ती वर होती."

तिने दुकानाची किल्ली काढून दिली. बाबांनी खडीचा भराव टाकला, वर नवी करडी फरशी बसवली, मोरीसुद्धा उचलून घेतली. काम चोख झालं. बाइंडरकाका स्वतः फरश्या हातात द्यायला उभे होते. गल्लीने येऊन कौतुक केलं. छत तेवढं खाली आल्यासारखं झालं आणि दारात वाकावं लागायला लागलं. आत्या म्हणाली, "बरं झालं. आता गिऱ्हाईक मान खाली घालून आत येईल." सगळे हसले. ती पुन्हा कामाला लागली, गुडघेही जरा सुधारले, आणि तिला 'तळाची' म्हणणं चालूच राहिलं.

आता सगळ्यात खाली कोण, हा प्रश्न एकाही माणसाला पडला नाही. बाबांना नाही, आत्याला नाही, आणि काकांना तर नाहीच. जन्मभर ते पाण्यासाठी स्वतःच्या मोरीकडे बघतच नव्हते, समोरच्या दाराकडे बघत होते.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी नदी चढली. मी आत्याचा डबा घेऊन गेलो होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. वरच्या टोकाच्या दुकानदारांनी माल हलवायला घेतला होता. आत्याने मान वळवून मोरी बघितली. कोरडी ठणठणीत. तिने पुन्हा मशीनच्या शटलमध्ये डोकं घातलं.

समोरून काकांनी विचारलं, "काय गं?"

"अजून वेळ आहे," आत्या म्हणाली.

"तू म्हणशील तसं." ते पुठ्ठा कापत राहिले. शाळेच्या ग्रंथालयाची पुस्तकं त्यांनी नुकतीच बांधून पुरी केली होती. खळ वाळावी म्हणून मागच्या भिंतीशी, मोरीच्या बाजूला, जमिनीवरच दाबाखाली ठेवली होती. एरवी खालच्या कप्प्यात आणि जमिनीवर आमच्याकडे तेच ठेवतात, जे भिजलं तरी रडू येणार नाही. पण वेळ होता ना.

काका उठले ते चपलेत पाणी आल्यावर. दारात येऊन त्यांनी आत्याकडे बघितलं, मग तिच्या कोरड्या फरशीकडे, आणि मग स्वतःच्या पायांकडे. आत्याला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. हातातला पाना टाकून ती धावत पलीकडे गेली. आम्ही जे उचलता येईल ते उचललं, पण मागच्या भिंतीशी पाणी कधीच शिरलं होतं. पुस्तकं फुगली होती, नवे पुठ्ठे शिवणीतून सुटून गाळात तरंगत होते. कागदाचे खालचे गठ्ठे हाताला लापशीसारखे लागले. आत्याच्या मोरीत पहिला बुडबुडा आला तेव्हा समोर पाणी घोट्याच्या वर होतं.

पूर ओसरला. या खेपेला आत्याचं दुकान नुसतं ओलसर झालं. बाबा खूश होते आणि तसं बोलूनही दाखवत होते. आत्या रोज स्वतःचं दुकान बंद ठेवून काकांचा गाळ काढायला जायची. काका तिच्याशी नीट बोलत, पाणी हवं का विचारत, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. अखेर तिनेच विषय काढला.

"मला शिव्या तरी दे."

"कशाबद्दल? तुझी मोरी कोरडी होती. तू खोटं थोडंच सांगितलंस."

"मी वेळ आहे म्हणाले."

"हो." काका फुगलेला पुठ्ठा पिळत होते, जणू तो वाळणार होता. "तू बसली होतीस म्हणून मी बसलो होतो. एवढंच."

त्यानंतर गल्लीची तऱ्हा बदलली. नदी जरा चढली की जो तो आपापली मोरी बघायला आत जायचा. कुलूपवाला भेदरून फळ्या लावायचा आणि रद्दीवाला त्याला हसायचा. खालून वर एका आवाजाने बंद होणारी गल्ली आता वाटेल तशी, वाटेल तेव्हा बंद व्हायची. आत्याच्या दाराकडे कोणी बघत नव्हतं. तिला कोणी दोषही देत नव्हतं. तिला फार लागलं ते. घरी जेवताना एकदा म्हणाली, "मला आता दुकानात करमत नाही रे," आणि ताटावरून उठली.

मग एका सकाळी तिने बाबांच्या गवंड्याला परस्पर बोलावलं. बाबांना कळलं तेव्हा ते धापा टाकत दुकानात गेले. गवंडी आत्याच्या स्टुलाशेजारची नवी फरशी फोडत होता.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का? एवढा भराव घातला तो काय खणून काढायला?"

"सगळा नाही काढत. एवढाच चौकोन."

"कशाला?"

"पाणी आधी माझ्याकडे आलं पाहिजे."

बाबा पुष्कळ बोलले. पालथ्या घड्यावर पाणी. गवंडी खाली उतरत गेला, खडी निघाली, आणि तळाला आजोबांची लाल फरशी लागली. तेवढ्या चौकोनाला त्याने चारी बाजूंनी बांधून काढलं आणि मोरीचा जुना पाइप त्यात मोकळा केला. बाकी दुकान उंचच राहिलं. बादलीएवढा खड्डा, पण त्याचा तळ गल्लीतल्या कुठल्याही दुकानापेक्षा खाली. बाबा शेवटी म्हणाले, "अगं, मग झाकण ठेव आणि अधूनमधून उघडून बघत जा."

"काम करताना माझे डोळे मशीनमध्ये असतात," आत्या म्हणाली. "पाय मोकळा असतो."

तेव्हापासून पावसाळाभर ती उजवा पाय मशीनच्या पायडलवर आणि डावा, अनवाणी, त्या खड्ड्यात सोडून बसू लागली. डावा गुडघा पुन्हा दुखायला लागला. बाबा तिला मोजे आणून द्यायचे आणि ती ते गिऱ्हाइकांच्या मुलांना देऊन टाकायची.

गल्लीने खड्डा येऊन पाहिला, मान डोलावली आणि आपापल्या मोऱ्या तपासणं चालू ठेवलं. गेलेला भरवसा कोणी गवंड्याकडून बसवून घेत नाही. आत्यालाही ते कळत होतं.

पुढे नदी पुन्हा चढली. त्या वेळीही मी तिथेच होतो. वरच्या बाजूला कोणी फळ्या लावत होतं, कोणी काढत होतं, नुसता गोंधळ. काका टेबलाशी वाकून पुस्तक शिवत होते, मागे मोरी कोरडी. आत्या एका मशीनचा पट्टा घालत होती. मध्येच तिचा हात थांबला. तिने खाली बघितलंसुद्धा नाही. पाय वर घेतला, खड्ड्यातल्या पाइपला बूच ठोकलं, ओल्या पायाने दारापर्यंत गेली आणि पहिली फळी खाचेत आदळली.

काकांनी सुई कागदात तशीच सोडली. आपली मोरी बघायला ते आत गेले नाहीत. सरळ फळी उचलायला उठले.