रसवंती नव्हे, पऱ्हाटी उपटायचं यंत्र: अकोला ते नांदगाव खंडेश्वर

पुण्यातला माझा नातू सध्या स्टार्टअप करतो आहे. म्हणजे नोकरी सोडली आहे आणि दाढी वाढवली आहे. परवा फोनवर म्हणाला, "आजोबा, तुम्हीही एकदा असंच काहीतरी केलं होतं ना? आमच्यासारख्यांना उपयोगी पडेल असं काही असेल तर ब्लॉगवर टाका." हा ब्लॉगही त्यानंच काढून दिला आहे आणि आजवर मी इथे फक्त देवळं आणि खानावळी लिहिल्या. तेव्हा हेही प्रवासवर्णन म्हणूनच लिहितो. मार्ग अकोला, बडनेरा, अमरावती, नांदगाव खंडेश्वर. मुक्काम चार दिवस. काळ साठच्या दशकाच्या सुरुवातीचा, नवे पैसे खिशात रुळले होते, पण हिशेब अजून आण्यांतच व्हायचा तो.

मी तेव्हा अकोल्याला जिनिंग फॅक्टरीत फिटर होतो. कापसाची वेचणी संपली की शेतात पऱ्हाटीची वाळकी झाडं उभी राहतात, ती मुळासकट उपटावी लागतात. बाया ओळीनं वाकून हातानं उपटतात, हे मी आगगाडीच्या खिडकीतून पाहिलं होतं. खिडकीतूनच, हे लक्षात ठेवा. तेवढ्या पाहण्यावर मी दोन वर्षं खपून यंत्र बनवलं. दोन चाकं, सायकलची साखळी, पुढे दातेरी जबडा आणि मागे लांब दांडा. वर तांबडा रंग. जबडा झाड धरायचा, दांडा दाबला की झाड मुळासकट वर. आमच्या अंगणात तुळशीशेजारची सगळी जागा त्यानं खाल्ली होती.

माझी बायको सुशीला, माहेर तिचं नांदगावाकडचं. ती एके दिवशी म्हणाली, "अवो, कपडे वाळवाले जागा नाई राहिली. किती दिवस चालनार हे?" शेवटी ठरलं की चार दिवसांची रजा काढायची. रविवारपर्यंत कोणी एक जरी यंत्र मागितलं तर मी नोकरी सोडून कारखाना काढायचा. नाहीतर यंत्र भंगारात द्यायचं आणि पुन्हा नाव काढायचं नाही. निघताना ती म्हणाली, "जाऊन कोनाले दाखवान?" मी म्हणालो, "मोठ्या शेतकऱ्यांना." ती आणखी काहीतरी बोलत होती, पण गाडीची वेळ झाली होती.

गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरनं बडनेरा गाठलं. यंत्र ब्रेकच्या डब्यात, त्याचं भाडं माझ्या तिकिटापेक्षा जास्त. फलाटावर ते उतरवून पाणी प्यायला गेलो आणि परत येतो तो एक म्हातारे गृहस्थ त्याच्यासमोर उभे. "रस कितीले?" मी सांगितलं की हे शेतीचं यंत्र आहे. "बरं," ते म्हणाले, "मंग ऊस कुठं हाय?" साखळी, चाक आणि दांडा दिसला की माणसाला उसाचा रसच आठवतो, हे त्या दिवशी समजलं. अमरावतीला पोहोचेपर्यंत आणखी तिघांनी विचारलं.

राजापेठेत माझा जुना मित्र वसंत राहायचा, त्याच्याकडे उतरलो. त्याच्या घराजवळ गिला वडा चांगला मिळायचा, दह्यात बुडालेला, एका वेळी दोन खाल्ले की दुपारचं जेवण टाळता यायचं. वसंतानं मला शेतीची अवजारं विकणाऱ्या एका दुकानदाराकडे नेलं. त्यानं यंत्राभोवती दोन चकरा मारल्या, दांडा हलवून पाहिला आणि विचारलं, "कोनी वापरलं काय आतापर्यंत?"

"मी."

"तुमचं वावर हाय?"

"नाही."

"तुमी वापरलं म्हनजे अंगनात वापरलं," तो म्हणाला. "आधी वावरात चालवून दाखवा, मंग बोलू."

मी चिडलो. अकोल्याच्या माणसाला अमरावतीच्या माणसानं शहाणपण शिकवलं की तो चिडणारच. रात्रभर वसंताला समजावत बसलो की लोकांना नवं नको असतं. वसंत झोपला होता.

शुक्रवारी नांदगावची एसटी. यंत्र टपावर चढवायला चार माणसं लागली. कंडक्टरनं तिकिटांची पेटी मांडीवर ठेवून विचारलं, "याचं अर्धं तिकीट लावू का पुरं?" मी म्हणालो, हे माणूस नाही. तो म्हणाला, "तेच म्हनून राहिलो, मानूस असता त खाली बसवला असता." रस्ता नांदगावपर्यंत बरा होता, त्यापुढच्या धुळीत मात्र माझा पांढरा सदरा यंत्राच्या रंगाचा झाला. तुम्ही जाणार असाल तर पांढरं घालू नका.

गुलाबराव हे नांदगावापुढच्या खेड्यातले मोठे शेतकरी, सुशीलाच्या माहेरच्यांच्या ओळखीचे. माणूस दिलदार. रात्री वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि ताक, आणि जेवताना यंत्राची इतकी चौकशी की मला वाटलं उद्या मागणी नक्की. झोपताना मी कारखान्याच्या फाटकाचा रंगही ठरवला.

शनिवारी सकाळी त्यांच्या वावरात निम्मं गाव जमलं. जबडा झाडाला लावला, दांडा दाबला, झाड मुळासकट बाहेर. पुढचं. त्यापुढचं. लोक वाहवा करू लागले, गुलाबरावांनी माझी पाठ थोपटली. बांधावर सात-आठ बाया उभ्या होत्या, त्या मात्र गप्प होत्या. मी म्हटलं, त्यांना यंत्रातलं काय कळणार. आता हे लिहिताना स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

मी गुलाबरावांना म्हणालो, "तुमची मजुरी किती वाचेल पाहा."

"कोनती मजुरी?"

"उपटणीची."

"उपटनीचे मी कोनाले काई देत नाई," ते शांतपणे म्हणाले. "ह्या बाया उपटतात अन् पऱ्हाट्या जळतनाले घेऊन जातात. वावर साफ, चूल पेटली, मामला खतम. तुमचं यंत्र घेतलं त मले पैसे लागतीन, चालवाले गडी लागीन, अन् ह्या पऱ्हाट्या मी कायच्या करू?"

मी दोन वर्षं बनवलेलं यंत्र फुकट होणारं काम विकत करून देत होतं. मला एकदम उन्हाचा त्रास व्हायला लागला. खाली बसलो.

तेवढ्यात बांधावरची एक बाई पुढे आली. चंद्रभागाबाई तिचं नाव, पन्नाशीची, आवाज खणखणीत. "भाऊ," ती म्हणाली, "आमच्या चुलीवर पानी टाकाले आले काय तुमी?"

मी म्हणालो, "नाही हो. तुमचे कष्ट वाचावेत म्हणून केलं."

"आमाले कोनी पुसलं?" तिनं तळहात पुढे केले. जुने घट्टे, त्यावर फोड, मध्ये भेगा. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा हे दिसलं नव्हतं. मग ती यंत्राकडे वळली, रसाबद्दल काहीच न विचारता. "हे चाक कायले?"

"ढकलायला."

"वावरात ढेकळं हायेत, चाक कुठं चालते? अन् ही साखळी?"

साखळी कशासाठी आहे हे मला खरोखर आठवेना. "ह्या जबड्याले दांडा लावून द्या," ती म्हणाली. "बाकी घेऊन जा तुमचं."

पान्हा माझ्या खिशात होताच. तासाभरात यंत्र उकललं. राहिला एक जबडा आणि कमरेइतका लांब दांडा, म्हणजे भला थोरला चिमटा. चंद्रभागाबाईनं तो घेतला, वाकायची गरज नव्हती म्हणून उभ्यानंच लावला आणि झाड उपटलं. बाकीच्या बाया हसल्या. तिनं दुसरं उपटलं, तिसरं उपटलं, आणि मग चिमटा शेजारणीला देईना. "हे ठेवून जा," ती म्हणाली.

"याची किंमत..." मी चाचरलो.

"पैसे नाईत. दोन मोळ्या घ्या."

चाकं गुलाबरावांनी हातगाडीला मागून घेतली. उरलेलं लोखंड पोत्यात भरलं.

रविवारी परतीला कंडक्टर तोच होता. टपावर पऱ्हाटीच्या दोन मोळ्या पाहून त्यानं फक्त एवढंच विचारलं, "यंत्रानं काय अंडे देल्ले?" मी पूर्ण भाडं देऊन टाकलं.

घरी पोहोचलो तेव्हा सुशीला चुलीपाशी पीठ मळत होती. मी तिला सगळं सांगितलं, मोठा शोध लागल्यासारखं. की बाया पैसे घेत नाहीत, पऱ्हाट्या घेतात. तिनं ऐकून घेतलं.

"आपल्या चुलीत सात वर्सं काय जळून राह्यलं?" ती म्हणाली.

मी चुलीकडे पाहिलं. पऱ्हाट्या. दर फाल्गुनात तिचा भाऊ कापसाच्या ट्रकवर टाकून पाठवायचा त्या.

"ह्या माह्या मायनं उपटेल हायेत," ती म्हणाली. "तिची बोटं कशी झाली हायेत, पाहिलं तुमी? तुमी निंगताना मी तेच सांगून राहिली होती. तुमाले गाडी होती."

लाज वाटली, आणि ती अजूनही थोडी वाटते.

सोमवारी भोंगा वाजला तेव्हा मी कामावर होतो. भंगारातून जबडे करायला संध्याकाळी भट्टी वापरू द्याल का, असं फोरमनला विचारलं, तो हो म्हणाला. कारखाना निघाला नाही. पण नंतर कितीतरी वर्षं दर हंगामाआधी मी चिमटे करत होतो, आणि पहिला केलेला सासूबाईंना दिला. नातवाला एवढंच विचारतो: जे बनवतो आहेस, ते ज्याच्या हातात जाणार त्याचे हात पाहिलेस का? आणि घरी कोणाला विचारलंस का? तिकिटाचे पैसे वाचतात.

त्या रविवारी मी मोळीतली एक काडी काढून सुशीलाला म्हणालो, "ही आपली पहिली कमाई. जपून ठेवू."

तिनं ती माझ्या हातातून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि चुलीत सारली. "मंग भाकर कायनं भाजू?" ती म्हणाली आणि तव्यावर पहिली भाकरी टाकली.