गोळीचं टरफल

"आली बघ! जशी गिळली तशीच आली, अख्खीच्या अख्खी. तुमच्या कारखान्यात औषध भरायचं विसरतात का रे?"

म्हातारा संडासाच्या दारातूनच ओरडला. मुलगा औषधाच्या कारखान्यात गोळ्या तपासतो, हे भेटेल त्याला अडवून सांगणारा हाच बाप.

"अण्णा, ते नुसतं टरफल आहे. आतलं औषध अंगी लागलं तुमच्या."

"टरफल म्हणे! शेंगा खाल्ल्या का मी?"

मुलाने घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. हे रक्तदाबाचं औषध पाण्यात विरघळायचं नाव घेत नाही. म्हणून ते बारीक दळून कडक कवचात भरतात नि कवचाला सुईच्या टोकाएवढं भोक पाडतात. पोटातलं पाणी आत झिरपतं, औषधाखाली भरलेला थर फुगतो आणि औषधाला दिवसभर थोडं थोडं बाहेर ढकलतो. कवच तेवढं मागं उरतं. म्हाताऱ्याने मान डोलावली. मुलाला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा न्हाणीघरात कोसळला. अंग गार, नाडी लागेना. दवाखान्यात दोन बाटल्या सलाईन चढल्यावर डोळे उघडले, नि पहिलं वाक्य काय, तर "खलबत्त्यात कुटून घेतली. आता येऊ दे म्हणावं अख्खी!"

दिवसभराचं औषध एका घोटात पोटात गेलं होतं. डॉक्टरांनी बजावलं, कुटायची नाही, पण सोडायचीही नाही. सोडली तर डोक्यातली शीर कधी फुटेल सांगता येत नाही.

घरी आल्यावर म्हाताऱ्याने गोळी पाहताच तोंड फिरवलं. "अख्खी घेतली तर तशीच येते, कुटली तर जीव घेते. आता तुझी गोळी नको आणि तूही नको शिकवू."

मुलाने आधी हात जोडले, मग आवाज चढवला. शेवटी डबा अडकवून कामावर गेला. करणार काय?

तपासणीच्या खोलीत काचेची सहा भांडी, अंगाएवढं कोमट पाणी, अण्णांच्याच औषधाच्या सहा गोळ्या, वर संथ फिरणारी पाती. दर तासाला नमुना काढून औषध किती बाहेर आलं ते मोजायचं. सकाळपासून साही गोळ्या सांगितल्या हुकमाने औषध सोडत होत्या.

बायकोचा फोन आला. "अहो, अण्णांनी गोळी परत थुंकली. तिसऱ्यांदा. आता काय करू?"

"राहू दे," तो म्हणाला. "नाही, राहू नको देऊ. बघ जरा, समजाव."

"तुमचं ऐकत नाहीत, माझं ऐकणारेत?"

घड्याळात तास भरला. त्याने फोन खिशात टाकला, सिरिंज उचलली आणि पहिल्या भांड्यातला नमुना ओढला.