माडीवरच्या खोलीत राहायला शिकताना

“याला स्किझोफ्रेनिया म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. मला तो शब्द एखाद्या लांबच्या गावाच्या नावासारखा वाटला. त्यांनी समजावून सांगितलं: नसलेले आवाज ऐकू येतात आणि ते अगदी खरे वाटतात. “हा आजार आहे, बाई. यात तुमचा दोष नाही.” नागपूरच्या दवाखान्याच्या खिडकीतून कडुलिंबाची सावली माझ्या मांडीवर हलत होती. मी तिच्याकडेच पाहत राहिले.

आवाज सासरी सुरू झाले होते, कापूस वेचताना. सगळं पांढरं शेत माझं नाव घ्यायचं. आधी गोड वाटायचं. मग तेच आवाज सांगू लागले, भाकरीत विष आहे. मी जेवण सोडलं. नवऱ्यानं मला धनजला, माहेरी आणून सोडलं. आई गेली आणि मी घरातून निघाले ती कारंज्याच्या एसटी स्टँडवर राहू लागले. ते दिवस धुक्यातून पाहिल्यासारखे आठवतात. लाल गाड्या यायच्या, धूळ उठायची, माणसं त्यात विरघळून जायची. शेवटी थोरला भाऊ, दामोदरदादा, शोधत आला आणि मला नागपूरला घेऊन गेला.

गोळ्यांनी आवाज दूर गेले, पलीकडच्या गल्लीत कुणी बोलावं तसे. पण दादा न्यायला आला नाही. घरात लहान लेकरं, वहिनीला माझी भीती वाटत होती. पुढे दिसत होता तो पुन्हा स्टँडच.

तेव्हा वॉर्डातल्या सुलोचना सिस्टरनी आम्हा काही बायकांना एकटीनं राहायचं शिकवायला घेतलं. स्टोव्ह पेटवणं, डाळ निवडणं, बाजारात भाव विचारणं, आठवणीनं गोळी घेणं. एवढी मोठी मी, भातात पाणी किती घालायचं ते आठवेना म्हणून रडले. सिस्टर म्हणायच्या, “आवाज आला का हात काय करून राह्यले ते मोठ्यानं सांगायचं. हाताकडे ध्यान ठेव.”

त्यांच्याच ओळखीनं कारंज्यात चंपाबाईंच्या माडीवर खोली मिळाली. चंपाबाई जैन, नवऱ्यामागं किराणा दुकान एकट्या चालवायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, “महिनाभर पाह्यतो. घरात तमाशा नाई पाह्यजे मले.”

काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी भाकर थापताना आवाज आला: विष. मी मोठ्यानं बोलू लागले, “मी भाकर थापून राह्यली. पीठ ज्वारीचं हाय. मीच दळून आनलं.” वळून पाहिलं तर दारात चंपाबाई.

“कोनाशी बोलून राह्यली तू?”

खोटं सांगावंसं वाटलं. खोली जायची भीती होती. तरी म्हणाले, “आवाज आला, बाई. तो भाकर खाऊ नको म्हन्ते. असं बोललं का दबते, मले शिकवलं हाय.”

खाली दुकानात कुणीतरी हाक मारत होतं. तरी त्या आत आल्या आणि पाटावर बसल्या. “दे मले अर्धी. मी खाऊन पाह्यतो.”

तव्यावरची गरम भाकर त्यांनी सावकाश खाल्ली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. “मीठ कमी हाय,” त्या म्हणाल्या. मला हसू आलं. उरलेली अर्धी मी खाल्ली.

आवाज अजूनही अधूनमधून येतात. तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. पण त्याच्या हातातलं कामही काढून घेऊ नका. चुकत चुकत करू द्या. कधी जवळ बसा. चंपाबाई बसल्या, म्हणून मी टिकले.

तुरीला पिवळी फुलं आली तेव्हा दादा आला. मी केलेला चहा प्याला, खोलीभर नजर फिरवली. मग मान खाली घालून म्हणाला, “कमल, चाल आता घरी. तुह्या वहिनीची बी हरकत नाई.”

“येईन ना दादा,” मी म्हणाले, “चार दिवस पाहुनी म्हनून. मंग माह्या घरी परत येईन.”