बेसमेंट, बॅटरी आणि आमची टरकलेली मंडळी

महादेवपुऱ्यात राहणाऱ्या माणसाची गाडी आठवडा आठवडा जागची हलत नाही. ऑफिस घरूनच, आणि बाहेर पडावं तर ट्रॅफिक! मग बॅटरी डाऊन होते, आणि बेसमेंटमध्ये आम्ही मराठी मंडळी चालू गाडीच्या बॅटरीतून करंट द्यायची जंपर केबल घेऊन जमतो. असे किस्से इतके साठलेत की आता कुणी नुसतं बॉनेट उघडलं तरी मी दोन पावलं मागे सरतो!

केबल आमच्या निखिलची. निखिल पुण्याचा, आयटीतला. पहिल्याच वेळी त्याने केबलची एक बाजू माझ्या चालू गाडीच्या बॅटरीला लावली आणि दुसऱ्या बाजूचे दोन्ही चिमटे एका हातात धरून मोबाइलवरचा व्हिडिओ पॉज करायला गेला. लाल चिमटा काळ्याला टेकला.

फाट्!

ठिणग्या उडाल्या, चिमट्याचं टोक काळं पडलं. मी थेट खांबामागे! निखिल पांढराफटक.

"काही नाही रे," तो म्हणाला, "करंट येतोय का ते चेक करत होतो!"

*

शुभदाअक्का बेळगावच्या, शाळेत केमिस्ट्री शिकवतात. त्यांनी नियमच घालून दिला: शेवटचा काळा चिमटा बंद बॅटरीवर लावायचा नाही, लांब इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावायचा. बॅटरीतून गॅस निघतो, तिथेच ठिणगी पडली तर स्फोट!

हे ऐकून निखिल बॅटरीवर नाक टेकवून हुंगायला लागला.

अक्कांनी त्याला मागे खेचलं. "अरे, हायड्रोजन आहे तो, अत्तर नव्हे!"

*

एकदा इंदिरानगरात एका अनोळखी माणसाने मला हात केला आणि कानडीत जरा मदत मागितली. "स्वल्प हेल्प माडि, सर." गाडी बंद पडली होती.

मी बॉनेट उघडलं. बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली, वर सडक्या अंड्यांचा वास. म्हटलं, हिला कुणी हात लावू नका, मेकॅनिकला बोलवा.

तो हसत म्हणाला, "अरे सर, कल थोडा स्मोक आया था, बस!"

मी माझी गाडी रिव्हर्समध्येच कोपऱ्यापर्यंत नेली.

*

आणि अण्णा. अक्कांचे सासरे, ऐकायला जरा कमी. त्यांची जुनी गाडी बंद पडली, म्हणून मी माझी तिच्या तोंडासमोर आणून लावली. दोन्ही बॉनेट उघडी. मधल्या फटीत निखिल, वाकून शेवटचा चिमटा लावतोय. अण्णा स्टिअरिंगवर.

"अण्णा, न्यूट्रलला आहे ना?" अक्का ओरडल्या. "अजून किल्ली फिरवू नका!"

अण्णांना 'किल्ली फिरवू' एवढंच ऐकू आलं असावं.

चिमटा लोखंडाला लागला आणि स्टार्टर फिरला. गाडी गिअरमध्ये! तिने पुढे उडीच मारली. मी निखिलची कॉलर धरून जिवाच्या आकांताने ओढलं. शर्ट फाटला, तो माझ्या अंगावर कोसळला, आणि जिथे त्याचे गुडघे होते तिथे दोन बंपर खाडकन् भिडले.

अक्का तोंडावर हात धरून मटकन खाली बसल्या. निखिल आपले गुडघे चाचपत होता. एकदा हा, एकदा तो. पुन्हा हा.

उघड्या बॉनेटमुळे अण्णांना पुढचं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"झाली काय रे चालू?"