चित्रासाठी उघडलेलं दार

यजमान गेल्यावर नगरच्या जुन्या बाजारातलं आमचं दोरखंडाचं दुकान मी बंद ठेवलं होतं. ते विकायचंच ठरत आलं होतं.

त्या उन्हाळ्यात एक अनोळखी चित्रकार समोर बसून आमची गल्ली तैलरंगात रंगवत होता. डोळे बारीक करून बघायचा, बोटं सदऱ्यालाच पुसायचा. एकदा म्हणाला, "बाई, तेवढं दार उघडता? चित्रात मधोमध काळोख हवाय."

"उघडते. पण कुणी आलं तर दुकान बंद आहे म्हणून तुम्हीच सांगा."

थोड्या वेळाने मिरजगावचा एक शेतकरी बैलासाठी कासरा शोधत आला. "दुकान चालू हाय का?" त्याने चित्रकाराला विचारलं.

कुंचला न थांबवता तो म्हणाला, "मला तरी उघडं दिसतंय."

दाराआड बसलेली मी उठले आणि कासरा काढून दिला.

चित्र संपवून तो गेला. नाव विचारायचं राहिलं. त्याच दुकानावर माझ्या दोन्ही मुली शिकल्या.